हाताचा अंदाज

"तिसऱ्यांदा आणलीये मी ही गाडी," नर्सबाई पर्स टेबलावर आपटत म्हणाल्या. "तापमानाचा काटा तळातून हलत नाही, पेट्रोल पाण्यासारखं जातंय, आणि गरम गाडी बंद केली की पुन्हा सुरू व्हायचं नाव घेत नाही. तुम्ही नक्की केलंत तरी काय?"

मेकॅनिकने काय करायचं बाकी ठेवलं होतं? इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारा थर्मोस्टॅट त्याने बदलला होता, आणि गाडी परत आल्यावर तो नवाही काढून दुसरा बसवला होता. इंजिन गारच राहतंय, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. रेडिएटरकडे जाणारा पाइप त्याने दर वेळी स्वतः धरून पाहिला होता आणि दर वेळी तो कोमटच लागला होता. उभ्या आयुष्यात या हाताने त्याला कधी दगा दिला नव्हता. आणि आता ही एवढीशी गाडी नाकी नऊ आणत होती, तेही गिऱ्हाइकादेखत.

"बाबा, थर्मोस्टॅटचा दोष नाहीये," लेक म्हणाली. गॅरेज दोघं मिळून चालवत आणि रोज एकदा तरी भांडत. "इंजिन व्यवस्थित तापतंय. सेन्सरच गार सांगतोय, म्हणून पेट्रोल जास्त सोडलं जातंय. त्याचं सॉकेट बघा, आत हिरवा गंज चढलाय."

"तापतंय? कोण म्हणतं?"

"माझा तापमान मोजायचा मीटर म्हणतोय."

"तुझा मीटर कालचा! तू जन्मायच्या आधीपासून पाइप धरतोय मी." चालू इंजिनवर वाकून त्याने पाइप मुठीत घट्ट पकडला. "हे बघ. कोमट म्हणजे कोमट! शिकवतेस कुणाला?"

लेकही हट्टाने पुढे आली. तिने पाइपाला बोट लावलं आणि चटक्याने झटकन मागे घेतलं.

"बाबा, हात सोडा!"

"का म्हणून?"

"सोडा म्हणते ना!" तिने त्याचं मनगट धरून ओढलं.

तळहात लालबुंद झाला होता, बोटांच्या मुळाशी फोड उठत होते. दुसऱ्या कुणाचा हात असावा तसा तो बघत राहिला. हा दुखत कसा नाही, याचाच त्याला संताप आला.

नर्सबाईंचा आवाज एकदम खाली आला. "शुगर आहे का हो तुम्हाला?"

"आहे थोडी."

"आणि बोटांना मुंग्या?"

त्याने हात पाठीमागे लपवला. "नळाखाली धरा आधी," त्या म्हणाल्या, "आणि मी सांगेपर्यंत काढू नका."

लेकीने त्याला कोपऱ्यातल्या नळाशी नेलं.

"त्यांचं सॉकेट साफ करून दे," तो पुटपुटला.

"देते. आधी हात."

पाणी तळहातावर पडत राहिलं.

"गार आहे ना गं पाणी?"

"आहे, बाबा."

"बरं," तो म्हणाला, आणि तिच्या शब्दावर त्याने हात तसाच धरून ठेवला.