घाटातला ओंडका

मित्रांनो, मी बाभळीचा ओंडका. आता जुना झालो आहे. धाड गावच्या शेषरावांनी मला बांधावरून तोडून आणले आणि सुताराकडून भोक पाडून साखळी ओवली. घाट उतरताना मला छकड्याच्या मागे बांधत. मी जमिनीवर घासत यायचो आणि गाडी बैलांच्या अंगावर जाऊ द्यायचो नाही. एवढेच माझे काम. तेव्हा वऱ्हाडाचा कारभार नागपुराहून चाले आणि घाटात मोटारी क्वचितच दिसत.

एका श्रावणात शेषराव आणि त्यांची पत्नी झुंबरबाई शेगावला निघाले. मागच्या छकड्यात झुंबरबाईंचे भाऊ अर्जुनराव होते. बुलढाण्यापुढे घाटाच्या तोंडाशी पाऊस थांबला, पण रस्ता चिकट झाला होता. शेषरावांनी मला हातात घेतले, तसे अर्जुनराव हसले.

"भाऊजी, ओंडका बांधता तर पटातले बैल काऊन पोसले? म्हशी जुंपा."

"तू जाय समोर, दादा," झुंबरबाई म्हणाल्या. "अहो, त्याले हासू द्या. रस्ता ओला हाये, बांधा."

"सासरवाडीचा माणूस समोर जाईन अन् मी मांगून घसटत येऊ? बस तू."

त्यांनी मला गाडीत टाकले.

ते बैल शंकरपटाच्या शर्यतीत पळलेले. मागून दुसऱ्या बैलांची घुंगरं ऐकली की ते आवरत नसत. घरात हे सगळ्यांना ठाऊक होते. पहिल्याच वळणावर अर्जुनरावांची घुंगरं जवळ आली आणि बैल सुटले. शेषरावांनी कासरे ओढले. बैल थांबूही पाहत होते, पण चाकांवर चढवलेल्या लोखंडी धावा चिखलावरून घसरल्या आणि गाडीच त्यांना ढकलू लागली. पुढच्या वळणावर छकडा उलटला. झुंबरबाई दगडावर पडल्या. मी त्यांच्या शेजारीच पडलो होतो. त्या पुन्हा उठल्या नाहीत.

अर्जुनराव त्यानंतर धाडला आले नाहीत. शेषरावांनी पट सोडला. पावसाळ्यात ते मला सपाट रस्त्यावरही बांधतात. बाजारात कोणी विचारतो, "शेषराव, इथं कुठं उतार हाये?" ते माझी साखळी आणखी आवळतात. बैलांना उगाच ओझे होते, हे मलाही कळते.

मित्रांनो, तुम्ही उद्या गाडी हाकाल, सायकल चालवाल, कदाचित मोटारही चालवाल. रस्ता ओला असला तर सावकाश जा. मागच्याला घाई असेल तर बाजूला होऊन त्याला वाट द्या. तो हसेल, हसू द्या. त्या दिवशी मला बांधले असते तर शेगावला पोचायला संध्याकाळ झाली असती, एवढेच. दोघे पोचले असते.