फुफीने सांडलेली डेग

मित्रांनो, मी एक जुनी तांब्याची डेग आहे. डेग म्हणजे दोनशे माणसांचं जेवण शिजवणारं मोठं भांडं. जुनी भांडी शांत असतात, असा लोकांचा समज आहे. मी शांत नाही. ज्याचं नाव माझ्या पोटावर कोरलं आहे, त्या इस्माईल सारंगावरचा माझा राग अजून निवलेला नाही.

१९२६ साली रत्नागिरीच्या बाजारात रावजी तांबटाने मला ठोकून घडवलं. आतून पांढरीशुभ्र कल्हई केली आणि इस्माईलला बजावलं, "सारंगांनू, भायरून घासलीत नाय तरी चालंल. पण आतली कल्हई दरसाल करा. उघड्या तांब्याला आंबट लागला की अन्न कळकतं, खाणारा आडवा पडतो."

इस्माईल आगबोटीवर खलाशांचा मुकादम होता, म्हणून त्याला सारंग म्हणत. नोकरी संपवून तो खाडीकाठच्या आपल्या मोहल्ल्यात परतला होता. त्याने मला मशिदीला दिलं. "अल्लाच्या वास्ते," असं चारचौघांत म्हणाला. पण महिन्यापूर्वीच त्याच्या चुलतभावाने, युसूफने, मशिदीला नव्या चटया दिल्या होत्या. दोघांच्या नारळीच्या वाड्यांमध्ये जांभ्या दगडाचा गडगा होता. तो हातभर सरकला की नाही, यावरून त्यांनी सहा वर्षं एकमेकांना सलाम केला नव्हता. चटयांवर नाव घालता येत नाही. माझ्यावर आलं, तेही टीचभर उंचीच्या अक्षरांत.

रमजानात मला मशिदीच्या अंगणात चुलीवर चढवत. तिथे मौलवीसाहेब मुलांना शिकवत, "नमाजाआधी निय्यत, रोज्याआधी निय्यत. निय्यत म्हणजे मनातला खरा हेतू. काम कितीही मोठं असो, अल्ला त्याचं मोल निय्यतीवर करतो." मुलं माना डोलवत. इस्माईलही डोलवायचा. एरवी मी त्याच्याच पडवीत असे, कारण सांभाळायची जबाबदारी त्याने मागून घेतली होती. तो मला चिंच-राख लावून बाहेरून लखलखीत ठेवायचा. येणारे-जाणारे नाव वाचून म्हणत, "वा, सारंग!" आतली कल्हई मात्र झिजत गेली. तीन वर्षं त्याने आत डोकावूनही पाहिलं नाही. आत नाव नव्हतं ना!

१९३२ साली युसूफच्या मुलीचा, रुकय्याचा, निकाह ठरला. नवऱ्याकडची माणसं बुरोंडीहून मचव्याने, म्हणजे शिडाच्या होडीने, येणार होती. मोहल्ल्याची रीत अशी, की लग्नघराने मागितली तर डेग नाकारायची नाही. युसूफ मागायला येईना. आणि एका सकाळी इस्माईलने न मागताच मला दोन गड्यांच्या खांद्यावर देऊन पाठवलं. सारा मोहल्ला चकित झाला. "भाऊ असावा तर असा! वैर विसरला!" युसूफच्याही डोळ्यांत पाणी आलं.

निघण्यापूर्वी इस्माईलने तीन वर्षांत पहिल्यांदाच माझ्या आत पाहिलं होतं. तळाशी लाल तांबं उघडं पडलेलं त्याला दिसलं. तो हसला आणि पुटपुटला, "चव बिघडंल. युसूफचं नाक कापलं जाईल. एवढंच."

एवढंच! जेवणाऱ्यांत चाळीस मुलं होती. मला जीभ असती तर मी त्याच्या तोंडावर थुंकले असते.

चुलीपाशी खातूनफुफी होती. फुफी म्हणजे आत्या. ती इस्माईलचीही आणि युसूफचीही. जिभेची तिखट. घाईत कोणी माझा तळ पाहिला नाही. मटण शिजलं, डाळ पडली, चिंचेचा कोळ पडला. फुफीने चव घेण्यासाठी पळीभर रस तोंडात घेतला आणि तसाच थुंकला. पळीने कडेचं सालन, म्हणजे तो रस्सा, बाजूला सारलं. हिरवट ओघळ दिसला. तिने माझ्या पोटावरचं नाव वाचलं. पाहुण्यांचा मचवा धक्क्याला लागल्याची आरोळी आली.

खरं सांगावं, तर अंगणात कोयते निघाले असते आणि निकाह मोडला असता. गप्प राहावं, तर माणसं आडवी झाली असती. फुफीने माझ्या कानात दांडा घातला आणि मला उलटं केलं. सगळं सालन मातीत गेलं.

"म्हातारे, डोळे फुटले काय तुझे?" युसूफ ओरडला.

"पाय घसरला रे," फुफी म्हणाली.

"पाय न्हवं, जीव जळला तिचा! स्वतःच्या पोरीचा निकाह झाला नाय ना!" एक बाई म्हणाली. फुफीची मुलगी लहानपणीच वारली होती. फुफीने रिकामी पातेली उचलली. ती घरोघर फिरली, लोकांच्या चुलींवरचं माशांचं कालवण मागून आणलं, आणि पाहुणे भातावर तेच जेवले. निकाह लागला. रुकय्या सुखरूप मचव्यात बसली.

संध्याकाळी फुफीने इस्माईलला माझ्यापाशी बोलावलं. "आत बघ," ती म्हणाली.

तो बघेना. "फुफी, तू सांगितलंस नाय कुणाला?"

"तुझ्यासाठी नाय गप्प राहिले. त्या पोरीसाठी राहिले. लोक आज तुझी वाहवा करतायत आणि मला शिव्या देतायत. देऊ देत. हिशोब त्यांच्याकडं नाय."

इस्माईलने दुसऱ्या दिवशी मला कल्हई करून आणली. पण खरं तो कोणालाच बोलला नाही. लोक त्याला मोठ्या मनाचा म्हणत राहिले आणि तो ऐकत राहिला. याचाच मला राग आहे. फुफीला मोहल्ल्याने 'सांडणारी' हे नाव ठेवलं, आणि ते नाव घेऊनच चार वर्षांनी ती गेली.

मित्रांनो, भांडं वापरण्याआधी ते आतून पाहा. चांगलं काम करण्याआधी स्वतःलाही तसंच पाहा. निय्यत एकदा केली म्हणून संपत नाही, ती पुन्हा पुन्हा उजळावी लागते. आणि आमच्या मोहल्ल्यात कोणी अजून 'सांडणारी' म्हणून हसलं, तर त्याला थांबवा आणि एवढं सांगा, तिचा पाय घसरला नव्हता.