दुसऱ्या लॅपटॉपवरचे टॅब

तपासनीस रोज सकाळी चहाचा कप लॅपटॉपच्या उजव्या हाताला ठेवायचा, चष्मा पुसायचा आणि मुलीची खबरबात घ्यायला बसायचा. मुलीला याचा पत्ताही नव्हता.

सगळे त्याला तपासनीस म्हणायचे, कारण उभा जन्म त्याने कापडाच्या गिरणीत हेच काम केलं होतं. खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावरून कापड सरकत जायचं आणि हा बसायचा डोळ्यांत तेल घालून. तुटलेला धागा, तेलाचा डाग, विरलेली जागा, काही म्हणजे काही नजरेतून सुटायचं नाही. दिसलं की खडूने खूण करायची आणि तो तागा बाजूला काढायचा. निवृत्त झाला तेव्हा टेबल गिरणीत राहिलं, पण नजर काही हा माणूस तिथे ठेवून आला नाही. आता घरात तपासायचं तरी कोणाला? बायको केव्हाच गेलेली. थोरली बहीण, म्हणजे ताई, सोबतीला येऊन राहिलेली, पण तिला तपासायची याची काय टाप! राहिली एकुलती एक मुलगी. मग व्हायचं तेच झालं.

एका सकाळी मुलगी आंघोळीला गेली होती, तिचा फोन टेबलावर होता, आणि याने तो उचलला. चालू नोकरी सोडून दुसऱ्या शहरात जायचं तिचं ठरत आलंय, हे त्याने तिथे वाचलं. ती बाहेर आली तर हा दारातच उभा, फोनवर बोट ठेवून.

"हे काय आहे?"

तिच्या केसांतून पाणी गळत होतं. ती म्हणाली, "आज जेवताना सांगणारच होते, बाबा. नुसतं विचारलं असतंत, तर आत्तासुद्धा सांगितलं असतं."

शब्दाने शब्द वाढला. "जायचं तर जा, आणि मग फोन करायचीही तसदी घेऊ नकोस," हे वाक्य याच्याच तोंडून गेलं. ती गेली. आणि पोरगी पडली बापाच्याच वळणाची, तिने खरंच फोन केला नाही. आत्याला तेवढा कधीमधी मेसेज यायचा, मी ठीक आहे, काळजी करू नकोस. बस, एवढंच.

मागे राहिला तो तिचा जुना लॅपटॉप. भांडणाच्या आधी, सगळं गोडीगुलाबीत होतं तेव्हा, तिने तो बापासाठी तयार करून ठेवला होता. ब्राउझर घालून दिला, तर याचा पहिला प्रश्न, "महिन्याचं किती?"

"फुकट असतो, बाबा. बिल येत नाही, वसुलीला माणूस येत नाही."

"फुकट? मग यात काहीतरी गोम असणार."

ती पोट धरून हसली होती. मग तिने एकेक सोय शिकवली. जाहिराती अडवणारं एक छोटं साधन बसवलं, तेही फुकट. पानावरचा सगळा पसारा झाकून नुसता मजकूर मोठ्या अक्षरात दाखवणारं बटण दाखवलं. परक्या भाषेतलं पान आपल्या भाषेत कसं आणायचं ते दाखवलं. ताईचे डोळे अधू, तर तिच्यासाठी पान मोठ्याने वाचून दाखवायची सोय सुरू करून दिली. ताई त्या आवाजाला 'यंत्रातली बाई' म्हणायची आणि बाई फार भरभर बोलायला लागली की तिला दटावायची. "आत्ता माझ्याच खात्यावर सुरू करून देते," मुलगी म्हणाली होती, "तुमचं वेगळं नंतर उघडू." ते नंतर राहूनच गेलं.

ती गेल्यावर बरेच महिने हा त्या लॅपटॉपकडे फिरकलाही नाही. मग एका सकाळी ताईने बातम्या ऐकायचा हट्ट धरला, म्हणून उघडला. अक्षरं मोठी करायची होती, बोट पडलं भलतीकडेच आणि एक यादी उलगडली. 'इतर डिव्हाइसवरचे टॅब' असं वर लिहिलेलं, आणि खाली मुलीच्या नावाचा दुसरा लॅपटॉप, ती जाताना बरोबर घेऊन गेलेला. त्याच्याखाली तिकडे त्या क्षणी उघडी असलेली पानं, एकाखाली एक. कुंडीतल्या रोपाची पानं पिवळी का पडतात. भरपूर ऊन येणारी भाड्याची खोली. सतत बसून कंबर दुखत असेल तर.

तपासनीसाने लॅपटॉप जवळ ओढला. पोरीची कंबर दुखते आहे, आणि हे त्याला तिच्याच लॅपटॉपने सांगितलं! ताई पलीकडून विचारत होती, अरे बातम्यांचं काय झालं, पण याचं लक्ष कुठे होतं.

त्या दिवसापासून त्याला वेडच लागलं म्हणा ना. सकाळी चहाबरोबर टॅब, दुपारी जेवण झाल्यावर टॅब. ती मुलाखतीला जाणार आहे हे त्याला कळलं, कारण मुलाखतीत पगार विचारला तर काय सांगावं हे पान उघडं होतं. तिला झोप नीट लागत नाही, हेही कळलं. एका माणसापुरता स्वयंपाक किती करावा हे तिने शोधलं, त्या दिवशी हा जेवलाच नाही. "एकटीच जेवते गं," तो ताईला म्हणाला आणि पानावरून उठला.

एकदा जुनी सायकल विकत घेताना काय बघावं असं पान दिसलं. ताई म्हणाली, "सायकल? तिला कुठे येते सायकल? लहानपणी एकदा आपटली ती, परत नाव काढलं नाही तिने."

"शिकली असेल."

"आणि रोपं? या पोरीने जन्मात कधी झाडाला पाणी घातलंय?"

"माणूस बदलतं, ताई. एकटं राहिलं की सुधारतं."

आता बघा, कापडावरचा केसाएवढा दोष ज्याला दहा हातांवरून दिसायचा, त्याला हे दिसलं नाही. दिसलं नाही कसलं, बघायचंच नव्हतं. इतक्या दिवसांनी लेक हाती लागली होती, आता ती सोडतो काय?

मग त्याने धीर केला. रोपांना फार पाणी घातलं तरी पानं पिवळी पडतात, असं सांगणारं एक चांगलं पान त्याला सापडलं. बुकमार्क कसा करायचा हे मुलीनेच शिकवलं होतं, आणि या खात्यावर ठेवलेली खूण तिकडेही दिसते हेही तिनेच सांगितलं होतं. त्याने चांदणीवर टिचकी मारली. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर तिकडच्या टॅबमध्ये तेच पान उघडलेलं!

"ताई! तिने वाचलं! अगं, वाचलं तिने!" आणि साठी ओलांडलेला हा गृहस्थ स्वयंपाकघरात अक्षरशः गिरकी घेऊन आला. मग त्याने कंबरेच्या व्यायामाचं पान ठेवलं. तेही उघडलं गेलं. त्याची खात्रीच पटली, पोरीला कळलंय की हे बाबाच पाठवतात. बोलायला जीभ रेटत नाही, पण घेते आहे बिचारी.

आणि मग एका सकाळी यादीत सगळ्यात वर दिसलं, खूप दिवसांनी वडिलांना फोन करताना सुरुवात कशी करावी.

त्याने ते वाचलं आणि त्याला रडूच फुटलं. ताई धावत आली, तिला वाटलं काहीतरी वाईट बातमी. त्याने ओळ वाचून दाखवली, तशी तिनेही पदर डोळ्यांना लावला.

त्या दिवशी तो फोन खिशात घेऊन फिरला. आंघोळीला जाताना ताईच्या हातात दिला, वाजला तर हाक मार म्हणून. फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्याच्या पुढच्या सकाळी ताईच वैतागली. "अरे, ती घाबरतेय आणि तू तोंड बघत बसलायस. बाप ना तू? कर की तूच!"

"काय बोलू?"

"ते काय मी सांगू? कर म्हणते ना!"

त्याने खुर्ची खिडकीशी ओढली, घसा खाकरला आणि नंबर लावला. तिने पटकन उचलला.

"हॅलो? बाबा? काय झालं? आत्या बरी आहे ना?"

"सगळे बरे आहेत. काही झालेलं नाही." तो आनंदाने खुर्चीत पुढे सरकला. "तू फोन करायला घाबरत होतीस ना, म्हटलं आपणच करावा."

"मी घाबरत होते?"

"असू दे गं. झालं गेलं. कंबर कशी आहे आता? तो व्यायाम सकाळीच करायचा, उपाशीपोटी. आणि मुलाखतीचं काय झालं? पगाराचं आपण आधी बोलायचं नाही, त्यांना बोलू द्यायचं. रोपाला पाणी कमी केलंस ना? आणि ती सायकल घेऊ नकोस, ब्रेक गेलेले असतात त्या जुन्या सायकलींचे."

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ऐकतेयस ना?"

"बाबा," ती सावकाश म्हणाली, "कोणाची कंबर? कसली मुलाखत?"

मग याने सांगितलं, आणि अभिमानाने सांगितलं हो! लॅपटॉपवर कसं सगळं दिसतं, रोज सकाळी तो कसा बघतो, बुकमार्क कसे ठेवले. त्याचं संपल्यावर ती म्हणाली, "तो लॅपटॉप मी वापरतच नाही. ऑफिसने इकडे आल्या आल्या नवा दिला. मी आणलेला तो माझ्या खोलीतल्या मैत्रिणीला देऊन टाकला. वर्ष होऊन गेलं."

"वर्ष?"

"हे सगळं तिचं आहे, बाबा."

"आणि ते... वडिलांना फोन करायचं?"

"तेही तिचंच. तिचं घरी बोलणं नाहीये."

तपासनीसाने खिडकीची चौकट धरली. कोण कुठली पोर, तिची कंबर, तिची झोप, तिच्या एकटीचं जेवण, या सगळ्यासाठी तो इतके महिने झुरला होता. त्याच्या तोंडून निघालं, "मग तिने केला का फोन?"

"कोणाला?"

"तिच्या वडिलांना."

मुलगी हसली. ते हसणं त्याच्या ओळखीचं नव्हतं. "इतक्या दिवसांनी फोन केलात. तिची कंबर विचारलीत, तिची मुलाखत विचारलीत, तिच्या रोपाचं पाणी विचारलंत. मी कशी आहे, हे एकदा तरी विचारलंत?"

"मला वाटलं, मला माहीत आहे."

"हो ना. तुम्हाला नेहमीच माहीत असतं. तुम्ही विचारत नाही, बाबा. तुम्ही तपासता."

एवढं बोलून ती थांबली. फोन ठेवला नाही तिने. तिचा श्वास ऐकू येत होता. ती वाट बघत होती हो, अजूनही वाट बघत होती! एक साधा प्रश्न हवा होता तिला. ताई समोर उभी राहून हाताने खुणा करत होती, बोल, बोल काहीतरी. आणि हा बोलला. जन्मभराची सवय, दोष दिसला की खडू पुढे. "लॅपटॉप दुसऱ्याला देताना," तो म्हणाला, "आधी आपलं खातं बंद करायचं असतं गं. असं उघडं ठेवतात का कोणी?"



"बरोबर आहे," ती म्हणाली. "चुकलंच माझं. करते बंद."

फोन ठेवल्याचा आवाज आला.

ताईने कपाळावर हात मारून घेतला. तपासनीस लॅपटॉपपुढे येऊन बसला. यादी अजून होती. भाड्याची खोली, झोप, वडिलांना फोन. तो बघत असतानाच ब्राउझरने पासवर्ड मागितला. तिने बदलला होता. त्याने ती यादी पुन्हा शोधली, तर तिथे काहीच नव्हतं, पांढरं पान आणि मधोमध शोधायची रिकामी चौकट. मुलगी कधीच नव्हती त्यात, आणि आता ती दुसरी पोरही गेली. तिने बापाला फोन केला की नाही, हे आता याला कळणार नव्हतं.

त्याने मुलीला परत फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिला.

"लिही मग," ताई म्हणाली. "कशी आहेस, एवढं तरी लिही, मेल्या."

त्याने लिहिलं. तू कशी आहेस? आणि पाठवलं. दिवसभर उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप उजव्या हाताला ठेवताना फोनवर मेसेज आला, आणि त्याने तो चष्मा न पुसताच वाचला.

"काय म्हणते?" ताईने विचारलं.

"बरी आहे म्हणते."

"आणखी?"

"आणखी काही नाही."

त्याने मग चष्मा पुसला आणि ते दोन शब्द पुन्हा वाचले. बरी आहे. आपण रस्त्यात भेटलेल्या ओळखीच्या माणसाला असंच सांगतो. ती कुठल्या गल्लीत राहते, कंबर तिचीही दुखते का, रात्री दिवा चालू ठेवून झोपायची सवय अजून आहे का, हसताना अजून पोट धरते का, यातलं काही म्हणजे काही त्याला माहीत नव्हतं. त्याने टेबलावर डोकं टेकलं आणि तो लहान मुलासारखा हमसून हमसून रडायला लागला. ताईने एक हात त्याच्या पाठीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने चहाचा कप, सांडू नये म्हणून, थोडा बाजूला सरकवला.