डावीकडची काच

काच कापायला बसला की दादा बोलत नसे. तीस वर्षांत हाताला एक टाका पडला नाही, याचा त्याला कोण अभिमान! मग मेंदूच्या मागच्या भागात रक्ताची गाठ अडकली आणि त्याचं डावीकडचं जग गेलं. डोळे ठणठणीत, पण दोन्ही डोळ्यांना डावं काही दिसेना.

"तिकडे अंधार दिसतो का रे?" मी विचारलं.

"अंधार असता तर बरं! तिथे काहीच नाही. तुला पाठीमागचं काय दिसतं? तसं."

दारांवर खांदा आपटायचा. डावीकडून कुणी बोललं की दचकायचा. तरी आमच्या काचेच्या दुकानात येऊन बसायचा. कापायचं काम माझ्याकडे आलं.

एका दुपारी मी त्याच्या डावीकडे, उभ्या रचलेल्या काचांमधून एक काढत होते. मागची मोठी काच सुटली. मला कळायच्या आत दादानं दंड धरून मला खेचलं. मी उभी होते तिथे नुसता चुरा.

"दिसलं तुला!" मी रडत रडतच हसले.

तो पांढराफटक पडला होता. "नाही गं बारके. काहीच दिसलं नाही. हात आपला आपण गेला."

"आवाज आला असेल."

"आवाज नंतर आला."

तेव्हापासून तो स्वतःच्याच हाताला भ्यायला लागला. "माझ्या आत दुसरंच कुणीतरी बघतंय," म्हणायचा. मलाही त्याच्या डाव्या बाजूला उभं राहवेना.

शेवटी मी त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी पडद्याच्या डाव्या बाजूला ठिपके दाखवले. "वर की खाली? दिसत नसलं तरी अंदाजानं सांगा."

"डोंबल सांगू!" दादा चिडला. तरी वीसपैकी सतरा बरोबर आले. तो घामाघूम झाला.

"मोठा रस्ता बंद पडलाय, आडवाटा चालू आहेत," बाई म्हणाल्या. "त्यांवरून बातमी मेंदूत पोचते, फक्त तुम्हाला कळत नाही. सरावानं यात थोडी सुधारणा होऊ शकते."

"आणि एखाद्या दिवशी बातमी पोचलीच नाही तर?"

"तसंही होईल. म्हणून मान वळवायची सवय लावा."

आता तो रोज भिंतीवर चिकटवलेले आकडे मान वळवून शोधतो. दारांना आपटणं कमी झालंय. काच मात्र अजून हातात घेत नाही.

परवा डावीकडून एक गिऱ्हाईक आलं. दादानं आधी पाय मागे घेतला, मग सावकाश मान वळवली.

"पाहिलंस? आतला तो आधी, मी नंतर," मला म्हणाला. हसायला गेला, पण हसू पुरतं आलं नाही.