अंगुस्तानाचा शिक्का

बसा असे शेकोटीजवळ, आणि मधे बोलू नका. आमच्या हर्फर्डच्या मुलखात एका नवरीनं चर्चच्या दारात सासऱ्याला कसं वाकवलं, ते सांगतो.

नवरीचं नाव थॉमसिन. ऑर्टनसाहेबांची एकुलती एक. हुंडा ठरला चार हजार पौंड. त्याबदल्यात सासरा सर जर्वेस कागद करून देणार होता, की नवरा गेला तर सुनेला जमिनीच्या उत्पन्नातून वर्षाला चारशे पौंड, मरेपर्यंत. कागद तयार, बापाची सही झालेली, पण सासऱ्याची काही होईना. आधी संधिवात उठला. मग चष्मा हरवला. आणि लग्नाच्या सकाळी चर्चच्या पायरीवर वकील कागद घेऊन उभा, तर म्हातारा कपाळाला हात लावून म्हणतो, "अरे देवा, शिक्क्याची अंगठी घरीच राहिली! असू दे, जेवणं झाली की करू."

'जेवणं झाली की' हे ऐकलं आणि थॉमसिन पायरीवरच थांबली. तिच्या डॉर्कस आत्यालाही वीस वर्षांपूर्वी असंच सांगितलं होतं. जेवणं झाली, पण सही झालीच नाही. दोन वर्षांत नवरा घोड्यावरून पडून गेला आणि दिरानं आत्याला एका ट्रंकेसकट माहेरी धाडलं. तेव्हापासून ती भावाच्या घरी मुरंबे घालते, फाटकं शिवते आणि जेवायला दाराजवळच्या खुर्चीवर बसते.

थॉमसिन पोर्चमधल्या दगडी बाकावर जाऊन बसली. "सही झाल्याशिवाय मी आत येत नाही."

"अगं पोरी, लोक काय म्हणतील!" बाप कळवळला.

"आत्याला काय म्हणाले, ते ऐकलंय मी."

सर जर्वेस हसला. "बस, बस. बाराचे ठोके पडले की पाद्रीबाबा लग्न लावत नाहीत. मग तूच धावत येशील."

नवरा मुलगा राल्फ बाहेर आला. सगळं ऐकलं, हातमोजे काढले आणि तिच्या शेजारी बसला.

"तू कशाला बसलास गाढवा?" सर जर्वेस ओरडला.

"एकटा आत जाऊन कुणाशी लग्न लावू? पण बाबा, लवकर काय ते करा. भूक लागलीय."

पाद्री घड्याळ घेऊन दारात आले. "बारा मिनिटं राहिलीत हो!"

थॉमसिन सासऱ्याकडे वळली. "मामंजी, तुमच्या सेसिलीचं लग्न पुढच्या गुरुवारी ना? माझ्या हुंड्यातूनच तिचा हुंडा जायचाय."

"मग?"

"तिचा कागद महिन्याआधीच झाला. तुम्ही स्वतः लडलो गावाला जाऊन व्याह्याच्या मानगुटीवर बसून सही घेतलीत. तेव्हा नाही म्हणालात, जेवणं झाली की? तुमची ती लेक, आणि मी काय वाटेवर सापडले?"

आतल्या बाकांवरून कुणीतरी फिस्सकन हसलं. सर जर्वेसचे कान लाल झाले.

"पण अंगठी नाही ना!"

मागून डॉर्कस आत्या पुढं आली. तिनं खिशातून आपलं पितळी अंगुस्तान काढलं, शिवताना बोटात घालायचं. "वकीलसाहेब, लाखेवर हे चालेल का?"

म्हातारा वकील मिशीत हसला. "लाखेवर ठसा उमटला पाहिजे, बाई. कशाचा, ते कायदा विचारत नाही."

"आठ मिनिटं!"

"बाबा, गुरुवारी सेसिलीच्या सासऱ्याला काय दाखवणार? रिकामी थैली?" राल्फ म्हणाला.

सर जर्वेसनं लेखणी हिसकावली. सही झाली. वकिलानं मेणबत्तीवर लाख वितळवली आणि डॉर्कस आत्यानं सासऱ्याच्या जाड बोटात अंगुस्तान बसवून, वीस वर्षांचा जोर लावून, ते बोट लाखेत दाबलं. "आई गं!" म्हातारा किंचाळला. घंटा वाजवणाऱ्या दोघांनी साक्षी केल्या.

मग पळाले सगळे! पाद्री धापा टाकत मंत्र म्हणतायत, राल्फचा "हो" अर्ध्यातच बाहेर पडला, आणि लग्नाची अंगठी नवरीच्या बोटात सरकली तोवर बाराचा पहिला ठोका पडला. गावानं टोप्या उडवल्या.

जेवणाच्या टेबलावर नवरीनं दाराजवळची खुर्ची स्वतः उचलून टेबलाच्या वरच्या टोकाला, आपल्या शेजारी ठेवली. "आत्या, आज हॅम कापायचा मान तुझा." आत्यानं कापलं, आणि पहिला तुकडा सर जर्वेसच्या ताटात वाढला.

तर बाबांनो, तुमच्या घरीही दाराजवळच्या खुर्चीवर कुणी बसत असेल. लग्नाचा कागद करताना आधी तिला विचारा, एवढं माझं ऐका. आणि तो सफरचंदाच्या दारूचा जग सरकवा इकडं, घसा सुकला.