आत्याची तिसरी रांग

गडगडी विकायची ठरली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद गल्लीतल्या लोकांना झाला. ती डिझेल गाडी सकाळी सुरू झाली की झोपलेली माणसं उठत आणि उठलेली खिडक्या लावून घेत. बाबांनी घेतलेली गाडी, त्यामुळे बाबा गेल्यावरही ती काढायचं कुणी मनावर घेतलं नव्हतं. सव्वीस वर्षं तिने हे घर वाहिलं. दादा, वहिनी, त्यांची एक मुलगी आणि दोन मुलगे, आई आणि आत्या अशी सात माणसं तिच्यात कोंबली जायची आणि प्रत्येकाची जागा ठरलेली असायची. दादा स्टिअरिंगवर, शेजारी वहिनी, मध्ये आई आणि दोन नातवंडं, आणि मागच्या आडव्या बाकावर सामानाला टेकून आत्या आणि उरलेलं पोर.

आत्या म्हणजे दादाची धाकटी बहीण. वय अठ्ठेचाळीस, लग्न केलेलं नाही, दवाखान्यात लसीकरणाच्या खोलीत नर्स. मुलं झाली तसं सगळं घर तिला आत्या म्हणायला लागलं, दादासुद्धा. त्याआधी तो तिला चिंगी म्हणायचा. ते नाव कधी गळून पडलं हे कुणाच्या लक्षात आलं नाही. तिच्या मात्र आलं होतं.

मागच्या बाकावर दोन गोष्टींची सवय करून घ्यावी लागे. एक म्हणजे रस्ता. पुढच्यांना येणारा रस्ता दिसतो. आत्याला मागच्या काचेतून दिसायचा तो निघून गेलेला. झाड आलं म्हणेपर्यंत ते लांब गेलेलं असायचं. दुसरी गोष्ट म्हणजे आवाज. इंजिनाच्या धडधडाटात पुढचं अक्षर मागे पोचत नसे. पुढे काही विनोद झाला की मधली रांग हसायची, ते बघून आत्याही हसायची, आणि कशाला हसलो ते घरी गेल्यावर विचारायची. सात माणसांच्या घरात भिंतींना कान असायचे, म्हणून दादा-वहिनीचं खासगी बोलणं गडगडीतच उरकायचं. मुलांच्या शाळा, आईचं ऑपरेशन, कुणाला काय सांगायचं आणि काय नाही, सगळं पुढच्या दोन सीटवर ठरलं. मागे बसलेल्यांना ठरल्यावर कळायचं.

आता नवी गाडी घ्यायची तर विजेवरची आणि तीन रांगांची, यावर सगळ्यांचं एकमत झालं. पुढे मात्र एका बाबतीतही झालं नाही. दादाला एका चार्जमध्ये किती किलोमीटर याचं वेड लागलं. वहिनीला मागची रांग उभी असतानाही चार पिशव्या ठेवता आल्या पाहिजेत. मुलांना मोठा पडदा हवा. आईची मागणी सगळ्यात सोपी होती: पायरी न्हाणीतल्या स्टुलापेक्षा उंच नको. नुसतं सांगून कुणी ऐकणार नाही, हे पक्कं ठाऊक असल्याने ती स्टूलच बरोबर घेऊन यायची. दर शोरूममध्ये ते निळं प्लास्टिकचं स्टूल चकाचक गाडीशेजारी ठेवून माप घेतलं जायचं आणि विक्रेते दुसरीकडे बघायचे.

"ज्याची जागा, त्याने तपासायची," असा दादाने नियमच काढला. त्यामुळे तिसरी रांग आपसूक आत्याकडे आली. तिला हवी का, हा प्रश्न कुणाला सुचला नाही. पहिल्या गाडीत तिचे गुडघे हनुवटीला लागले. दुसरीत डोकं छताला लागलं आणि उतरताना दोघा भाच्यांनी हात धरून तिला बाहेर ओढलं. ती हसत हसत बाहेर आली, केस नीट केले आणि म्हणाली, "चालेल की. तासाभराचा तर प्रवास." आत्याचं सगळ्यालाच चालेल असायचं. घराने ते तोंडपाठ करून ठेवलं होतं.

तिला खरं काय हवं होतं ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. तिला एकदा, फक्त एकदा, स्टिअरिंगवर बसायचं होतं.

सव्विसाव्या वर्षी ती मोटार ट्रेनिंगच्या शाळेत गाडी शिकली होती. शिकवणारे काका सहसा कुणाचं कौतुक करत नसत, तिला म्हणाले होते, "पोरी, तुझा हात बसलाय." त्याच सुमाराला डोंगराकडच्या वस्त्यांसाठी फिरत्या नर्सची जागा निघाली. लसींची पेटी घेऊन आपणच गाडी चालवत वस्तीवस्तीवर जायचं. मुलाखतीची अटही तशीच होती: चाळीस किलोमीटरवरच्या कचेरीत सकाळी अकराला स्वतः गाडी चालवत यायचं आणि साहेबांना शेजारी बसवून घाटातून फिरवून आणायचं. आत्याने महिनाभर त्याच रस्त्याची स्वप्नं बघितली. शेजारच्या सीटवर पेटी, पायाशी चहाचा थर्मास, समोर वळण, वळणामागे आणखी वळण.

आदल्या दिवशी संध्याकाळी उशिरा दादाने सांगितलं की गडगडीचा क्लच गेलाय. दुसरी गाडी शोधायला वेळच उरला नव्हता. अकरा वाजून गेले, जागा दुसऱ्या कुणीतरी भरली, आणि आत्या दवाखान्यातल्या खोलीत टोचायला लागली ती आजतागायत. त्या काळात आईचं कमरेचं हाड मोडलेलं होतं आणि वहिनीला सातवा महिना होता. घराला तिची गरज होती, हे तिलाही दिसत होतं. दादाला तिने कधी दोष दिला नाही. रागावली ती गडगडीवर. एकदा तर कुणी नाही असं बघून तिने टायरला लाथही मारली होती. आणि मन फारच खायला उठलं की ती स्वतःची समजूत काढायची: जाऊ दे, गेले असते तरी नापासच झाले असते. लायसन्स मात्र दर मुदतीला न चुकता नवं करून घेत होती. कशासाठी, हे विचारायला घरात कुणाला माहीत तरी कुठे होतं!

तिसऱ्या शोरूममध्ये रविवारी सकाळी साडेनऊला सगळे दाखल झाले. थोरल्या मुलीचा क्लास होता म्हणून ती तेवढी नव्हती. विक्रेता चाळिशीचा, गळ्यात इतका रुंद टाय की धाकट्याने त्याचं तिथल्या तिथे टायवाले असं नाव ठेवलं. पायरी स्टुलाच्या बरोबरीची निघाली तेव्हा आईचा चेहरा फुलला. आत्या मागे जाऊन बसली. गुडघ्यांना जागा होती. डोक्यावर चार बोटं मोकळी होती. बाजूला तिची स्वतःची खिडकी होती.

"चालवून बघू या, सर," टायवाले म्हणाले. दादा स्टिअरिंगवर, ते शेजारी, मध्ये आई, वहिनी आणि धाकटा, आणि मागे आत्या आणि थोरला, अशी वरात निघाली.

गाडी सुरू झालेली कुणाला कळलीच नाही. "सुरू करा ना," आई म्हणाली तेव्हा शोरूम मागे पडलं होतं. आत्या चकित होऊन ऐकत राहिली. टायवाले सांगत होते की यात गिअर नाही, क्लच नाही, पाय उचलला की गाडी आपोआप मंदावते. वहिनी आईच्या कानाशी तेच ओरडून सांगत होती. धाकट्याने काहीतरी चावटपणा केला आणि सगळे हसले, आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा आत्या सगळ्यांच्या बरोबर हसली.

शहराच्या टोकाला चार्जिंगची जागा होती. चार्ज कसं करायचं ते दाखवायला टायवाले दोन्ही मुलांना घेऊन खाली उतरले. वहिनी उठून पुढे आपल्या नेहमीच्या जागेवर जाऊन बसली. आईचा डोळा लागला होता, आणि जागी असती तरी तिला ऐकू आलं नसतं. गार हवा चालू होती म्हणजे गाडी चालू होती, आणि गाडी चालू असली की पुढच्या दोघांनी मोकळं बोलायचं, ही इतक्या वर्षांची सवय.

"क्लचच नाही म्हणे," वहिनी हसून म्हणाली. "आता कुणाला गाडी द्यायची नसेल तर काय बिघडलं म्हणून सांगाल?"

दादा हसला नाही. "काढलंस परत तेच."

"तिला सांगितलंत का कधी?"

"काय सांगू? क्लच धडधाकट होता म्हणून सांगू? बावीस वर्षांनी?" तो थोडा वेळ स्टिअरिंगवरची धूळ बोटाने पुसत राहिला. धूळ नव्हतीच. "आईचं ते तसं, तुझं ते तसं. किल्ली हातात घेऊन तिला द्यायलाच निघालो होतो गं. आणि तोंडातून भलतंच निघालं."

"निदान दुपारी सांगायचं. कुणाची तरी गाडी मागून आणली असती तिने."

"म्हणून तर संध्याकाळी सांगितलं."

वहिनीने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. मग दादा हळू आवाजात म्हणाला, तोही मागे स्वच्छ ऐकू आला, "नापास होईल असं वाटलं असतं तर दिली असती गाडी. पण ती पास झाली असती. माझ्यापेक्षा चांगला हात होता तिचा."

आत्या मांडीवरच्या पर्सचा बंद गच्च धरून बसली. राग येईल असं तिला वाटलं, पण आधी आलं ते रडू, आणि ते दादाच्या खोटेपणासाठी नव्हतं. नापासच झाले असते, हे एवढं एक वाक्य तिने बावीस वर्षं उशाशी घेतलं होतं, आणि आज तेही गेलं. ती पास झाली असती. पेटी, थर्मास, वळणं, सगळं तिचं झालं असतं. एवढ्या वर्षांत विझत आलेली ती ओढ पुन्हा उसळून आली. मागच्या काचेतून तिला शोरूमकडे जाणारा रस्ता दिसत होता. तिला आयुष्यात पुन्हा मागच्या काचेतून काहीही बघायचं नव्हतं.

मुलं परत आली. टायवाल्यांनी मागचं दार उघडून मोठ्या उत्साहाने विचारलं, "मॅडम, तुम्ही बोलल्याच नाहीत. तिसरी रांग कशी वाटली?"

"छान आहे," आत्या म्हणाली. "मागे सगळं ऐकू येतं."

"हेच तर या गाडीचं वैशिष्ट्य!" टायवाले खूश झाले. पुढे आरशात दादाचे डोळे वर आले, तिच्या डोळ्यांना भिडले आणि तिथेच थिजले. वहिनीने ओठांवर हात ठेवला.

"मला चालवून बघायची आहे," आत्या म्हणाली.

"आत्या, तुला येते?" थोरला ओरडलाच. तिने पर्समधून लायसन्स काढून टायवाल्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटंपालटं करून पाहिलं. तारीख चोख होती.

दादा उतरला. दाराशी दोघं समोरासमोर आली. आत्याने त्याच्या हातातून किल्ली घेतली. तो वाकून, अंग चोरून तिसऱ्या रांगेत शिरला आणि तिच्या जागेवर बसला. वहिनी आईशेजारी परतली.

आत्याने सीट पुढे घेतली, आरसे नीट केले. मग गाडी निघाली आणि पहिल्या वळणावर हातांनी आपलं आपण ओळखलं. धाकटा म्हणाला, "बाबा, ही तुमच्यापेक्षा भारी चालवते!" रस्ता समोरून येत होता. झाडं आधी दिसत होती, मग मोठी होत होती, मग जवळ येत होती. दूरवर डोंगरांची निळी रेघ होती. काही झालं तरी ती तिथेच होती.

"मॅडम, पुढच्या चौकातून वळून परत घ्यायची," टायवाले म्हणाले.

चौक आला. सरळ जाणाऱ्या रस्त्यावर पाटी होती आणि पाटीवर चाळीसचा आकडा होता. आत्याने पाय उचलला नाही. चौक मागे पडला.

"मॅडम... परत घ्यायची होती. मॅडम?"

"जाऊ द्या तिला," तिसऱ्या रांगेतून आवाज आला. भरलेला होता, पण प्रत्येक अक्षर पुढपर्यंत पोचलं. "चिंगी, जा तू."

तिने मागे पाहिलं नाही. आरशातही नाही. त्या कचेरीत आता तिची वाट बघणारं कुणी नव्हतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं. तरी तिने समोरच्या पडद्यावरचं घड्याळ पाहिलं. सव्वादहा झाले होते. अकराच्या आत पोचता आलं असतं.