वाढणारं हाड

आधार कार्डावरचा फोटो बदलायला आरोही खानापूरला गेली, तेव्हा समोर बसलेला माणूस तिला तीनदा म्हणाला, "तोंड सरळ करा." तिनं तीनदा सरळ केलं. चौथ्या वेळी त्यानंच आपली मान जराशी कलती केली, स्क्रीनकडं बघितलं आणि बटण दाबलं. घरी आल्यावर आरोहीनं आरशासमोर उभं राहून नाकापासून खाली फुटपट्टी धरली. हनुवटी अर्ध्या बोटाइतकी डावीकडं सरकलेली होती.

तिचा बाप भरमा नेमका तेव्हाच कामावरून आला होता. बेळगावात उद्यमबागेच्या फाउंड्रीत तो साचे घालायचं काम करायचा आणि सुट्टीच्या दिवशी जांबोटीकडची भातशेती बघायचा. दारातूनच त्यानं लेक फुटपट्टी धरून उभी असलेली बघितली. वर्षभरापासून त्यालाही ते दिसत होतं. जेवताना तिच्या जबड्यात कटकट वाजायचं, भाकरीचा तुकडा ती एकाच बाजूनं चावायची. डोळ्यांचा भास असेल म्हणून त्यानं ते मनावर घेतलं नव्हतं. खरं तर घ्यायचं धाडस झालं नव्हतं.

खानापुरातल्या दाताच्या डॉक्टरांनी त्यांना बेळगावला जबड्याच्या डॉक्टरीणबाईंकडं पाठवलं. त्यांनी आरोहीला एक लाकडी पट्टी आडवी दातांत धरायला लावली. पट्टी उजवीकडं खाली झुकली. मग एक्स-रे निघाला.

"लहानपणी कधी जबड्याला, हनुवटीला मार लागला होता?" बाईंनी विचारलं.

"न्हाय," आरोही म्हणाली. बापाकडं तिनं बघितलंही नाही. भरमा भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या तारखा बघत बसला.

"कानाच्या पुढं जबड्याचा सांधा असतो," बाई म्हणाल्या. "हिच्या उजव्या सांध्याचं हाड अजून वाढतंय असं मला वाटतं. आता विसाव्या वर्षी ते थांबायला हवं होतं. पण डाव्या बाजूचं हाड खुंटलं असेल तरी हनुवटी अशीच सरकते. एक्स-रे नुसता आकार दाखवतो, वाढ चालू आहे की थांबली हे सांगत नाही. त्यासाठी बोन स्कॅन करूया."

पुढच्या मंगळवारी बापलेक सकाळी आठलाच हॉस्पिटलात पोचले. स्कॅनचा विभाग तळमजल्यावर, अगदी टोकाला होता. तिथला टेक्निशियन नागेंद्र हुक्केरीकडचा. मराठी बोलायचा पण मध्येच कानडी डोकवायची. "बर्री, या, बसा," म्हणून त्यानं फॉर्म पुढं ओढला. नाव, वय, वजन, आधीची आजारपणं.

"जबड्याला जुना मार?"

"न्हाय," आरोही पुन्हा म्हणाली.

नागेंद्रनं तिच्या हाताच्या शिरेत सुई दिली. "ह्ये औषध हाडात जाऊन बसतंय. जिथं हाडाचं काम लई चाललंय तिथं जास्त बसतंय. त्यातनं किरणं निघत्यात, ती आमची मशीन टिपत्या. आता तीन तास थांबायचं, पाणी प्यायचं, लघवीला जात ऱ्हायचं. बारकी पोरं आणि पोटुशी बायका ह्यांच्यापासनं आज जरा लांब." मग भरमाकडं वळून तो म्हणाला, "तुम्ही भायेर बसा, अण्णा. इंजेक्शन दिलेल्यांची खोली वेगळी."

भरमा उठला आणि दारापाशी घुटमळला. "त्यो जुन्या माराचा प्रश्न कशाला असतोय?"

"मोडलेलं हाड आणि वाढणारं हाड, दोन्ही फोटोत काळं दिसू शकतंय. रिपोर्ट लिहिणारे डॉक्टर ह्यो फॉर्म बघूनच लिहित्यात. म्हणून नीट भरायचा."

भरमा बाहेर बाकावर जाऊन बसला. दाराच्या काचेतून खोलीतली आरोही दिसत होती. हातात पाण्याची बाटली, कानातल्या रिंगा काढून रुमालात बांधलेल्या. त्यानं एक चहा घेतला, तो अर्धा तसाच राहिला. फॉर्म चुकीचा म्हणून डॉक्टरांनी ऑपरेशनात भलत्याच बाजूच्या हाडाला कात्री लावली तर, हा विचार डोक्यातून जाईना. शेवटी त्यानं मोबाईल काढला आणि काचेपलीकडच्या लेकीला फोन लावला.

"काय झालं, आप्पा?"

"डॉक्टरांनी इचारलं तवा तू न्हाय का म्हटलीस?"

आरोहीनं बाटली मांडीवर ठेवली. "तुम्हीच शिकवलासा न्हाय म्हणायला," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता.

नऊ वर्षांमागची गोष्ट होती. आरोही अकरा वर्षांची. तिची आई जया हिचा सख्खा भाऊ मोटारसायकलवरून पडून गेलेला, म्हणून पोरीला गाडीच्या टाकीवर बसवणार नाही असं जयानं भरमाकडून कबूल करून घेतलेलं. आणि तरी खानापूरच्या बाजारातून येताना, रस्ता मोकळा बघून, भरमानं तिला पुढं घेतलं. चालवू का म्हणाली तेव्हा तिचा हात अॅक्सिलेटरवर ठेवू दिला. वळणावर खडी पसरलेली होती. गाडी आडवी झाली आणि आरोहीची हनुवटी डांबरावर आपटली. भरमाला साधं खरचटलंही नाही.

त्याची थोरली बहीण मनुबाई वाटेवरच्या गावात राहायची. तिनं पोरीचं रक्त धुतलं, डॉक्टरला बोलावून टाके घालून घेतले आणि भावाचा पडलेला चेहरा बघून स्वतःच म्हणाली, "माझ्या पायरीवरनं पडली म्हणून सांग जयाला." भरमानं तसंच सांगितलं. पोरीलाही तेच पढवलं, आणि बाहेर कुणी लागल्याचं विचारलं तर सरळ 'न्हाय' म्हणायचं असंही बजावलं. दुसऱ्या दिवशी जया नणंदेच्या दारात जाऊन नको ते बोलून आली, आणि त्यानंतर तिनं त्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. मनुबाईनं अवाक्षर काढलं नाही.

"चुकलं माझं," भरमा फोनवर म्हणाला. "तुझं त्वांड त्या दिवसानंच वाकडं झालं. माझ्यामुळं."

"अॅक्सिलेटर मी पिळलेला, आप्पा."

"काय?"

"तुम्ही हळू म्हटलासा. मी मुद्दाम जोरात पिळला. गाडी कशी पळत्या बघायची होती मला." तिनं पाण्याचा घोट घेतला. "त्वांड सरकाय लागलं तवा मला वाटलं, ह्ये आपलंच हाय, गप सोसायचं. डॉक्टरला सांगितलं असतं तर सगळंच भायेर आलं असतं."

तिनं तोंड फिरवलं होतं, भरमाला काचेतून आता फक्त पाठ दिसत होती. आपली लेक इतकी वर्षं असलं काही उरात घेऊन वावरत असेल हे त्याच्या कधी स्वप्नातही आलं नव्हतं.

"अकरा वर्साची हुतीस तू," तो म्हणाला. "ब्रेक माझ्या पायाखाली हुता. ह्यात तुझं काय बी न्हाय. ऐकलंस?"

"व्हय."

"आता मी सांगून येतो त्यास्नी."

नागेंद्र रागावला नाही. त्यानं आतल्या डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर उभ्याउभ्याच विचारत गेले: कुठल्या वर्षी, कुठली बाजू, तेव्हा तोंड उघडत होतं का. भरमाला सगळं पाठ होतं. डावी बाजू. आठ दिवस तोंड उघडत नव्हतं, पोरगी नुसत्या पेजेवर होती. डॉक्टरांनी 'नाही' खोडलं आणि बाजूला चार ओळी लिहिल्या.

बाराच्या सुमाराला आरोहीला आत घेतलं. यंत्राच्या दोन चपट्या पाट्या तिच्या डोक्याभोवती इतक्या जवळून फिरल्या की आपलाच श्वास आपल्या तोंडावर येत होता, असं तिनं नंतर सांगितलं. कपाळावर पट्टा होता. पंचवीस मिनिटं ती हलली नाही.

दोन दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी चित्र समोर ठेवलं. सगळा जबडा करडा होता. उजव्या कानापुढं मात्र शाईचा थेंब सांडावा तसा काळा डाग होता.

"औषध उजवीकडं बासष्ट टक्के बसलंय, डावीकडं अडतीस. म्हणजे उजवं हाड जोरात वाढतंय," त्या म्हणाल्या. "डाव्या सांध्याचा माथा किंचित चपटा आहे. जुन्या माराचं कळलं नसतं तर तिथं मी अडले असते. पण तो सांधा केव्हाच भरून आलाय. त्याचा त्रास नाही."

"मग ह्ये पडल्यामुळं न्हाय?" भरमानं विचारलं.

"हाड असं का वाढत राहतं हे पुष्कळदा आम्हालाही कळत नाही. पडल्यामुळं नाही, असं शपथेवर नाही सांगू शकत. पण पडल्यामुळं झालं, असं या चित्रात मला काही दिसत नाही."

भरमानं तेवढ्यावर समाधान मानलं. वाढ आपोआप थांबते का ते बघायला सहा महिन्यांनी परत स्कॅन करायचा, किंवा त्या हाडाच्या माथ्याची एक चकती काढून वाढ आत्ताच थांबवायची, असे दोन रस्ते होते. आरोहीनं विचारलं, "मी सहा म्हयने थांबले तर हनुवटी अजून सरकंल?" बाई हो म्हणाल्या. "मग डी.एड.ची परीक्षा झाली की करू," आरोही म्हणाली.

त्या संध्याकाळी भरमानं जयाला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवून तिनं एकच विचारलं, "वन्संनी का अंगावर घेतलं?"

"तुझ्या भावाचं ठावं हुतं तिला."

चार दिवस जया नवऱ्याशी बोलली नाही. ताट वाढायची आणि बाजूला व्हायची. पाचव्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती एकटीच मनुबाईच्या गावाला गेली. तिथं काय बोलणं झालं ते दोघींनी कुणालाच सांगितलं नाही. पण मे महिन्यात ऑपरेशनच्या दिवशी मनुबाई हॉस्पिटलात आली, ती थेट जयाच्या बाकावर तिच्याशेजारी बसली. दोन तास दोघी शेजारी शेजारी होत्या. ऑपरेशन नीट झालं म्हणून डॉक्टरीणबाई सांगायला आल्या, तेव्हा जयानं आधी नणंदेचा हात धरला.

वर्षभरानं परत स्कॅन झाला. दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या निघाल्या. हनुवटी अजून किंचित डावीकडंच आहे. दात जुळायला तारा लावल्यात, त्या अजून वर्षभर तरी राहणार आहेत. आरोहीला चिकोडीकडच्या एका मराठी शाळेत नोकरी लागली. पहिल्याच दिवशी तिसरीतल्या एका मुलीनं विचारलं, "टीचर, तुमच्या दातांना काय झालंय?"

आरोहीनं खडू खाली ठेवला. फळ्यावर जबड्याचं चित्र काढलं आणि कुठलं हाड, कुठला सांधा, गाडीवरून कशी पडले, मशीनखाली कशी झोपले, सगळं सांगितलं. तास संपेपर्यंत वर्गातली सगळी पोरं कानापुढं बोट ठेवून, तोंड उघडून आणि मिटून, आपापला सांधा शोधत होती.